लेकीचा फोटो आणि उन्हाळ्याचा सूर्य



दहावी-बारावीच्या निकालाचे दिवस आलेत. परीक्षा संपून लेकी घरी आहेत. ऊसतोडीला गेलेली कुटुंबंही परतली आहेत. मंठा तालुक्यातल्या आमच्या गटाच्या बैठकीत यंदा एक साधी गोष्ट ठरली. दहावी किंवा बारावी झालेल्या प्रत्येक मुलीचा एक चांगला फोटो काढायचा. स्टुडिओत नाही, गावातच, शाळेच्या आवारात, मोकळ्या हवेत. सगळ्यांनी लगेच होकार दिला. मग एकीने विचारलं, "पण या उन्हात?" तेव्हापासून आम्ही उन्हाचाही विचार केला आणि फोटोचाही. त्यातून जे कळलं, ते आज तुम्हाला सांगतो.

आधी आपल्या घरात लेकीचे फोटो किती आहेत ते मोजू या. एक आधार कार्डावरचा, एक शाळेच्या अर्जावरचा, एक हॉल तिकिटावरचा. हे सगळे कागदपत्रांसाठी, तिकिटाएवढे. त्यानंतरचा मोठा फोटो, ज्यासाठी नवा ड्रेस काढला, केस नीट विंचरले, कुणीतरी "सरळ बघ" म्हणालं, तो बहुतेक घरांत एकाच कामाचा असतो: पाहुण्यांना दाखवायचा, स्थळासाठीचा. म्हणजे मुलीकडे पहिल्यांदा नीट, वेळ देऊन पाहिलं जातं ते तिला दुसऱ्या घरी पाठवायच्या वेळी. ती दहा-बारा वर्षं शाळेत गेली, त्याची आठवण मात्र भिंतीवर कुठेच नाही.

हे आजचं नाही. बाईचा फोटो कोणी काढला, कशासाठी काढला आणि त्याखाली तिचं नाव लिहिलं की नाही, याला दीड-पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे.

फोटो काढायची कला १८३९ मध्ये फ्रान्समध्ये जगासमोर आली. थोड्याच वर्षांत ती बोटीने आपल्याकडच्या मोठ्या शहरांत पोहोचली. मुंबईत १८५४ मध्ये फोटो काढणाऱ्यांची संस्थाही निघाली. तेव्हा वीज नव्हती, फ्लॅश नव्हता. सूर्य हाच दिवा. माणसाला बराच वेळ हलू न देता बसवून ठेवावं लागे, म्हणून जुन्या फोटोंतली माणसं इतकी ताठ दिसतात. १८५१ नंतर काचेवर फोटो घ्यायची नवी रीत आली. काचेवर चिकट औषध ओतायचं, ते ओलं असतानाच कॅमेऱ्यात घालून फोटो घ्यायचा आणि ओलं असतानाच अंधाऱ्या तंबूत धुवायचं. काच वाळली की फोटो गेला. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते औषध किती भराभर वाळत असेल याची कल्पना करा! पापड अंगणात टाकला की कसा कडक होतो, तसंच. त्यामुळे फोटोवाल्यांना ऊन हवंही असे आणि ते त्यांचं काम बिघडवीही.

आता आपल्या भागाकडे येऊ. आपला मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता. त्या राज्यात लाला दीनदयाळ नावाचे फार मोठे फोटोग्राफर होऊन गेले. निजामाने त्यांना 'राजा' हा किताब दिला. वेरूळच्या लेण्यांचे त्यांनी काढलेले फोटो आजही नावाजले जातात. त्यांनी १८९२ मध्ये हैदराबादेत खास बायकांसाठी वेगळा स्टुडिओ उघडला. भोवती उंच भिंती, आत सगळं काम बायकांच्या हाती, आणि चालवणारीही एक इंग्रज बाई. पडद्यातल्या बायकांना परक्या पुरुषासमोर न येता फोटो काढून घेता यावा, हा त्यामागचा हेतू. ही सोय अर्थातच श्रीमंत, खानदानी घरांसाठी होती.

मग त्या काळातल्या आपल्यासारख्या बायकांचे फोटो निघालेच नाहीत का? निघाले. १८९९-१९०० साली मोठा दुष्काळ पडला. त्या वेळी दीनदयाळ यांच्याच स्टुडिओने औरंगाबादकडच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर भागातल्या, भुकेल्या माणसांचे फोटो काढले. बरगड्या वर आलेल्या, हातापायांच्या काड्या झालेल्या. दुष्काळाची नोंद सरकारदरबारी राहावी म्हणून काढलेले हे फोटो आजही लंडनच्या ग्रंथालयात जपून ठेवले आहेत. त्यांना शीर्षक आहे, 'कृशतेचे प्रकार' अशा अर्थाचं. पण त्यातली माणसं कोणत्या गावची, कोणाची कोण, त्यांचं नाव काय, हे काही लिहिलेलं नाही. एकाच राज्यातला, एकाच स्टुडिओचा कॅमेरा. श्रीमंताघरच्या बाईसाठी उंच भिंती बांधल्या गेल्या आणि गरीब माणूस भर उन्हात, बिननावाचा उभा राहिला.

त्याच काळातला आणखी एक फोटो आम्हाला तुमच्यासमोर ठेवायचा आहे. तो आपल्या देशात काढलेला नाही, पण त्यातली एक मुलगी आपली आहे. आनंदीबाई जोशी. कल्याणची. नवव्या वर्षी लग्न. चौदाव्या वर्षी बाळ झालं आणि दहा दिवसांत गेलं. डॉक्टर मिळाला असता तर बाळ वाचलं असतं, हे तिच्या मनाला लागलं आणि आपणच डॉक्टर व्हायचं असं तिने ठरवलं. १८८३ मध्ये ती नवऱ्याशिवाय बोटीने अमेरिकेला गेली आणि फिलाडेल्फिया शहरातल्या बायकांच्या वैद्यकीय कॉलेजात शिकली. तिथे १० ऑक्टोबर १८८५ ला तिचा दोन मैत्रिणींसोबत फोटो निघाला. जपानची केई ओकामी, सीरियाची सबात इस्लामबूली आणि आपली आनंदी. तिघीही आपापल्या देशाच्या पोशाखात. आनंदीबाई साडीत. त्या फोटोखाली तिघींची नावं लिहिली आहेत आणि गावंही.

११ मार्च १८८६ ला आनंदीबाई डॉक्टर झाली आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात क्षयाने गेली. बावीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती. तिला दवाखाना चालवायला मिळाला नाही. पण तो फोटो राहिला. नववधूचा किंवा कुणाच्या बायकोचा म्हणून काढलेला नाही, शिकणाऱ्या मुलीचा फोटो. आज सव्वाशेहून अधिक वर्षांनी शाळेतल्या मुली तो पाहतात आणि त्यांना कळतं की ही गोष्ट खरी आहे, घडलेली आहे. शिकत असतानाच्या फोटोची ताकद ती हीच.

पुढे कॅमेरा बाईच्या स्वतःच्या हातीही आला. होमाई व्यारावाला हे नाव लक्षात ठेवा. १९१३ मध्ये नवसारीला जन्म, वाढली मुंबईत, पारशी घरात. तिच्या वर्गात मॅट्रिकपर्यंत पोहोचलेली ती एकटीच मुलगी. पुढे जे. जे. कलाशाळेत शिकली, कॅमेरा शिकली आणि आपल्या देशातली पहिली महिला वृत्तछायाचित्रकार झाली. सुरुवातीला तिने कोणाचे फोटो काढले? वर्गातल्या मैत्रिणींचे. स्टुडिओतल्या रंगवलेल्या पडद्यापुढे नाही, मोकळ्या हवेत, हसताना, फिरताना. मात्र तिचे सुरुवातीचे फोटो छापले गेले ते नवऱ्याच्या नावाने, कारण तिचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. २०११ मध्ये तिला पद्मविभूषण मिळालं. फोटोतल्या बाईचं नाव जसं पुसलं जातं, तसं फोटो काढणारीचंही पुसलं जात होतं.

आपल्याकडे परतूरला रेल्वे आली, तालुक्याच्या गावी स्टुडिओ आले. पडद्यावर महाल, तळं, फुलदाणी. पण शेतात राबणाऱ्या बाईला तिथवर जायचं कारण क्वचितच मिळे. जुन्या घरांत पाहा, आजीचा फोटो असेल तर बहुधा जत्रेतला, नाहीतर ती गेल्यावर ओळखपत्रावरून मोठा करून हार घातलेला. आता मात्र प्रत्येक घरात मोबाईल आहे. फोटोसाठी ना स्टुडिओ लागतो, ना कुणाची परवानगी, ना पैसे. लागतं फक्त नियोजन, आणि मे महिन्यात तर ते लागतंच.

म्हणून आता आम्ही काय ठरवलंय ते ऐका.

पहिली गोष्ट वेळेची. आपल्याकडे मे महिन्यात सूर्य पावणेसहा ते सहाच्या दरम्यान उगवतो. फोटोचं काम सव्वासहाला सुरू करून पावणेआठपर्यंत संपवायचं. ऊन कोवळं असतं, चेहऱ्यावर सारखं पडतं, मुलींचे डोळे मिचमिचत नाहीत. दुपारी बारा ते चार तर फोटोचं नावच काढायचं नाही. एक तर पारा चाळिशीपार जातो. दुसरं म्हणजे, मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात आपल्या भागात सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावलीही पडत नाही. अशा उजेडात कपाळ चमकतं आणि डोळ्यांच्या खोबणीत काळोख दिसतो. चांगली हसरी पोरसुद्धा आजारी वाटते. संध्याकाळी सहानंतर पुन्हा उजेड चांगला असतो, पण तेव्हा वावटळ आणि वळिवाचा भरवसा नाही. म्हणून सकाळच बरी.

दुसरी गोष्ट जागेची. सकाळी शाळेच्या पश्चिमेकडच्या भिंतीची सावली घ्यायची, संध्याकाळी पूर्वेकडची. लिंबाच्या झाडाखाली गारवा असतो, पण पानांतून उन्हाचे कवडसे तोंडावर पडतात आणि चेहरा ठिपक्याठिपक्यांचा दिसतो. झाडाखाली मुलींनी थांबायचं, पाणी प्यायचं. फोटो मात्र भिंतीच्या सलग सावलीत. समोर दोघींनी पांढरी चादर कमरेइतकी धरून ठेवली की तिच्यावरचा उजेड चेहऱ्यावर येतो आणि हनुवटीखालची काळी सावली जाते. एवढंसं काम, पण फोटो उठून दिसतो.

तिसरी गोष्ट तब्येतीची. उपाशीपोटी कुणी यायचं नाही. सुती कपडे घालायचे, लग्नातले जरीचे नको. माठ भरून ठेवायचा आणि सोबत साखर-मिठाचं पाणी: एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, दोन्हीला चहाचा छोटा चमचा. एका वेळी पाच-सहा मुलींनाच बोलवायचं. पंचवीस जणींना एकदम बोलावलं की शेवटच्या दहा जणी उन्हात ताटकळतात. कुणाला चक्कर आली, डोकं दुखू लागलं, तर फोटो राहू दे, आधी सावली, पाणी आणि ओला रुमाल. अंग भाजल्यासारखं तापलं किंवा मुलगी बरळू लागली तर थेट दवाखाना. मोबाईलही तापतो आणि बंद पडतो, म्हणून तो उन्हात ठेवायचा नाही.

चौथी गोष्ट रंगाची. मोबाईलमध्ये चेहरा गोरा करायची सोय असते. ती वापरायची नाही. पूर्वी फोटोवाले स्थळाच्या फोटोतल्या मुलीचा रंग हाताने उजळून देत. आपण हा फोटो पाहुण्यांसाठी काढत नाही. उन्हात कापूस वेचून, पाणी भरून, पायी शाळेत जाऊन जो रंग झालाय, तो तिचा रंग.

पाचवी गोष्ट नावाची, आणि आम्हाला ती सगळ्यांत मोठी वाटते. फोटोची प्रत काढून मागे मुलीचं पूर्ण नाव लिहायचं, आईच्या नावासकट. गाव, इयत्ता, साल, आणि फोटो काढणारीचंही नाव. पास असो की नापास, फोटो प्रत्येकीचा निघेल. नापास झालेली पुन्हा परीक्षेला बसू शकते, आणि तिने दहा वर्षं शाळा केलीच आहे. मोबाईलवर फोटो कुणाला पाठवायचा, हे मुलीला विचारूनच ठरवायचं.

मैत्रिणींनो, हा सगळा खटाटोप एका फोटोसाठी नाही. उन्हाळा म्हणजे आपल्याकडे लगीनसराई. उचल, कर्ज, "कोयत्याला जोडी हवी", "पोर वयात आली", अशी कारणं याच दिवसांत पुढे येतात आणि दहावी झालेल्या मुलीचं दप्तर माळ्यावर जातं. अठरा वर्षांच्या आत मुलीचं लग्न करणं कायद्याने गुन्हा आहे हे आपण सगळ्या जाणतो. असं कुठे ठरत असेल तर १०९८ वर फोन करता येतो. पण कायद्याच्या आधी घरातली नजर बदलावी लागते. भिंतीवर, देव्हाऱ्याशेजारी, पुस्तक हातात घेतलेल्या लेकीचा फोटो असेल आणि त्याखाली तिचं नाव आणि इयत्ता असेल, तर येणारा पाहुणा आधी विचारेल, "पुढे काय शिकतेय?" आणि बापालाही उत्तर द्यावं लागेल.

आनंदीबाईचा फोटो निघाला तेव्हा तिला दूर परदेशी जावं लागलं होतं. आपल्या लेकींना शाळेच्या भिंतीपर्यंतच जायचंय. तर या आठवड्यात आपापल्या गटात दिवस ठरवा, चादर आणि माठ कोण आणणार ते ठरवा, आणि सकाळी सव्वासहाला या.