तांदूळ, चोरी आणि दोन दरवाजे

चीनने जगाला कोणते शोध दिले, असा प्रश्न वर्गात विचारला की बरेच हात वर होतात. कागद, छपाई, बंदुकीची दारू आणि होकायंत्र ही चार नावे मुलांना पाठ असतात आणि ती बरोबरही आहेत. पण ज्या शोधामुळे मध्ययुगीन चीनच्या राजधानीत धान्य पोहोचणे सोपे झाले, तो या यादीत नसतो. तो म्हणजे कालव्यावरचा जलपाश. इंग्रजीत त्याला लॉक म्हणतात. त्याची कथा आपण जरा सावकाश पाहू. शोध कसा लागतो हे तिच्यातून कळते आणि लागलेला शोध मागे कसा पडतो, हेही कळते.

प्रथम नकाशा समोर घेऊ. चीनच्या पीत, ह्वाय आणि यांगत्से या तिन्ही मोठ्या नद्या साधारणपणे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. भात पिकतो तो दक्षिणेला यांगत्सेच्या खोऱ्यात. राजधानी आणि सरहद्दीवरचे सैन्य मात्र उत्तरेला. म्हणजे धान्य न्यायचे ते नद्यांना आडवे. सुई घराण्याचा सम्राट यांग याने इ. स. ६०५ ते ६१० या काळात जुने-नवे कालवे जोडून दक्षिणोत्तर जलमार्ग तयार केला. हाच चीनचा महाकालवा. पुढे त्याचा मार्ग बदलत गेला. बीजिंग ते हांग्चौ हा त्याचा नंतरचा मार्ग सुमारे १,८०० किलोमीटर लांबीचा आहे.

इ. स. ९६० मध्ये सोंग घराणे सत्तेवर आले. त्यांची राजधानी काइफेंग. अकराव्या शतकाच्या सुरुवातीला तिला दरवर्षी ६० लाख दान तांदूळ पाठवायचा, असे प्रमाण ठरले होते. दान हे धान्याचे माप. त्या काळचा एक दान सुमारे ६० किलोचा धरला, तर हा तांदूळ ३ लाख ६० हजार टन होतो. आजच्या दहा टनी ट्रकांत तो भरायचा म्हटला तर ३६,००० ट्रक लागतील.

आता अडचण पाहू. जमीन सपाट नसते. कालव्यातले पाणी उताराने वाहून जाऊ नये, म्हणून ते बांध घालून पायऱ्यापायऱ्यांनी अडवावे लागते. मग नाव एका पायरीवरून दुसरीवर न्यायची कशी?

त्या वेळी दोन उपाय माहीत होते. पहिला उपाय आपल्या ओळखीचा वाटेल. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात खाचांमध्ये बरगे बसवून पाणी अडवतात, तसे कालव्याच्या तोंडाशी लाकडी ओंडके बसवायचे आणि नाव आली की ते काढायचे. पाण्याचा लोंढा सुटतो आणि खाली जाणारी नाव त्याच्याबरोबर निघून जाते. वर येणारी नाव मात्र त्या लोंढ्याच्या विरुद्ध ओढावी लागते आणि पाणीही फार वाया जाते. दुसरा उपाय म्हणजे बांधावर दोन्ही बाजूंनी दगडमातीचे उतार करायचे आणि दोर लावून, रहाट फिरवून नाव एका बाजूने वर ओढायची व दुसऱ्या बाजूने खाली सोडायची. यात पाणी वाचते, पण नाव खिळखिळी होते.

ह्वायनान प्रांतात वाहतुकीची जबाबदारी छ्याओ वेइयुए या अधिकाऱ्याकडे होती. त्याच्या वाटेवर असे पाच बांध होते. सोंग घराण्याच्या अधिकृत इतिहासात तिथली स्थिती नोंदलेली आहे. भरलेल्या नावा प्रत्येक बांधापाशी रिकाम्या कराव्या लागत. काही नावा फुटत आणि धान्य सांडे. शिवाय या चढउताराच्या गोंधळात नावेवरचेच लोक धान्य लांबवत. नाव फुटली म्हटले की तांदूळ किती बुडाला आणि किती चोरीला गेला, हे कोण सांगणार?

इ. स. ९८४ मध्ये छ्याओने तिसऱ्या बांधाच्या जागी एकाऐवजी दोन दरवाजे उभारले. दोहोंमधले अंतर ५० पावलांहून थोडे अधिक, म्हणजे सुमारे ७५ मीटर होते. दरवाजे वर उचलले जाणारे होते. मधल्या जागेवर छप्पर घातले होते आणि काठ दगडमातीने पक्के केले होते. नावा त्या मधल्या जागेत येऊन थांबत.

त्याची रीत अशी. खालून नाव आली की खालचा दरवाजा उघडायचा, नाव आत घ्यायची आणि तो बंद करायचा. मग वरच्या बाजूचे पाणी आत सोडायचे. आतली पातळी वाढते आणि तिच्याबरोबर नावही वर येते. दोन्हीकडचे पाणी समपातळीत आले की वरचा दरवाजा उघडायचा. नाव खाली न्यायची असेल तर हाच क्रम उलटा. नाव उचलण्याचे काम माणसे किंवा बैल करत नाहीत, वरून खाली येणारे पाणी करते. त्याची किंमत एवढीच की दर खेपेला मधल्या कप्प्यातले पाणी खालच्या पायरीवर जाते. मुख्य म्हणजे माल उतरवावा लागत नाही, म्हणून चोरीची संधीही राहत नाही.

फायदा किती झाला याचे आकडेही मिळतात. होकायंत्राची सुई नेमकी दक्षिणोत्तर राहत नाही हे नोंदवणारा शेन ख्वो हा सोंग काळातला विद्वान. इ. स. १०८८ च्या सुमारास लिहिलेल्या आपल्या ग्रंथात त्याने १०२० च्या दशकात जन्चौ येथे बांधलेल्या अशाच जलपाशाची हकीकत दिली आहे. पूर्वी एका नावेत ३०० दानांपेक्षा जास्त तांदूळ भरता येत नसे. जलपाश झाल्यावर ४०० दानांच्या नावा आल्या आणि पुढे सरकारी नावा ७०० दानांपर्यंत गेल्या. खाजगी नावा तर प्रत्येकी दोन दानांची ८०० हून अधिक पोती नेऊ लागल्या. आपल्या मापात सांगायचे तर १८ टनांपासून सुरुवात होऊन ९६ टनांच्या वर मजल गेली. शिवाय वर्षाला ५०० मजूर आणि साडेबारा लाख नाण्यांचा खर्च वाचला.

यापुढचा भाग आम्हाला अधिक विचार करण्यासारखा वाटतो. इ. स. ११२७ मध्ये उत्तर चीन सोंगांच्या हातून गेला आणि दक्षिणेचा तांदूळ काइफेंगला जाण्याचे कारण उरले नाही. नंतर युआन राजवटीत १२९२-९३ मध्ये खगोलशास्त्रज्ञ ग्वो शौजिंग याने बीजिंगजवळच्या कालव्यावर २४ दरवाजे बसवले आणि त्यांत जोडदरवाजांचे तत्त्व वापरले. पण त्या राजवटीत बहुतेक धान्य समुद्रमार्गाने जाऊ लागले होते आणि कालव्यात लहान नावा चालत. लहान नाव एकेरी दरवाजातून किंवा उतारावरून नेता येते. मग दुप्पट खर्च कशाला करायचा? १७९३ मध्ये मॅकार्टनी याच्या नेतृत्वाखाली ब्रिटिश शिष्टमंडळ महाकालव्यातून गेले, तेव्हा त्यांना एकेरी दरवाजे आणि उतारच दिसले. ज्या देशात जलपाश जन्मला, तिथेच तो मागे पडला होता.

युरोपात नेदरलँड्समधील फ्रेसवाइक येथे १३७३ मध्ये जलपाश बांधला गेला. पंधराव्या शतकाच्या अखेरीस मिलानच्या कालव्यांवर एकमेकांना कोनात टेकणारे दरवाजे आले. त्यांचे चित्र लिओनार्दो द विंचीने काढून ठेवले आहे. १९१४ साली सुरू झालेल्या पनामा कालव्यात जहाजे सुमारे २६ मीटर वर चढतात, ती याच तत्त्वावर. मुंबई बंदरातली इंदिरा गोदीही १९१४ चीच. ओहोटीच्या वेळीही गोदीतले पाणी टिकावे आणि जहाजांची ये-जा व्हावी, म्हणून तिच्या तोंडाशी जलपाश आहे.

वर्गात याची प्रतिकृती सहज करता येते. एक लांबट पन्हळ थोडी तिरकी ठेवा. पत्र्याचे दोन तुकडे चिकणमातीत रोवून दरवाजे करा आणि कागदाची होडी पायरी चढवून दाखवा. दोन्ही दरवाजे एकदम उघडले तर काय होईल, हे मुलांना आधी विचारा आणि मग करून पाहू द्या.

शोध म्हणजे एखाद्या बुद्धिमान माणसाला अचानक सुचलेली कल्पना, असे आपण मुलांना नकळत शिकवतो. छ्याओ हुशार होताच, पण त्याच्यासमोर फुटलेल्या नावा होत्या आणि तांदळाचा हिशोब लागत नव्हता. ओझे मोठे होते तोवर त्याचे दोन दरवाजे टिकले. ओझे हलके झाले तेव्हा ते मागे पडले. म्हणून शोध कोणी लावला एवढ्यावर प्रश्न न थांबवता, तो तिथेच आणि तेव्हाच का लागला, हेही विद्यार्थ्यांना विचारायला हवे.