दहिवर शिंपडलेली : वहीतल्या पाच ओळींवर भाष्य

आषाढातल्या एका संध्याकाळी त्र्यंबकेश्वरला मुक्कामी असताना वहीत एका लांबटांग्या माशीबद्दल या पाच ओळी खरडल्या होत्या. आपल्याच टिपणावर आपणच भाष्य लिहिणे जरा निर्लज्जपणाचे. पण इतक्या त्रोटक ओळींच्या वाटेला दुसरे कोण जाणार?

१. दिव्याखाली, भिंतीवर. मादी. मागचा एक पाय नाही.

‘मादी’ हे पोटाच्या टोकावरून. मादीचे टोक निमुळते, टोकदार, नराचे बोथट. ते टोक ओल्या मातीत अंडी खोचायला असते. घरमालकीणबाई “केवढा हा डास!” म्हणत केरसुणी घेऊन धावल्या, तेव्हा “मावशी, हिला रक्त प्यायची सोंडच नाही,” एवढेच म्हणालो. पायाचे नवल नको. या लांबटांग्या माशीचा पाय चिमटीत धरला की तो चिमटीतच राहतो, पालीच्या शेपटीसारखा. पालीला शेपूट पुन्हा फुटते, हिला पाय फुटत नाही.

२. पंखांच्या काठाने ठिपके. बहुधा कोनोसिआ इरोराटा.

‘इरोराटा’ हा शब्द लॅटिन : दव शिंपडलेली. आपल्याकडे दवाला दहिवर हा सुरेख शब्द आहे. कीटकशास्त्रज्ञ वीडमान यांनी १८२८ साली हे नाव दिले ते युरोपात बसून, वाळलेल्या नमुन्यावरून. तरी त्यांना ठिपक्यांत दव दिसले, याचे मला कौतुक वाटते. ‘बहुधा’ मात्र खोडणार नाही. खिशातल्या भिंगाने पंखांच्या शिरा नीट लागत नाहीत.

३. आढळ : आफ्रिका, भारत, जपान, ऑस्ट्रेलिया.

ही ओळ ग्रंथांतून उतरवलेली, आणि पाचांत सर्वांत फसवी. वाचणाऱ्याला वाटते, माशी सगळीकडे पसरली आहे. त्यांतला ब्रुनेटी यांचा भारतातल्या माश्यांवरचा खंड १९१२चा. पुढे अमेरिकेतल्या अलेक्झांडर यांनी लांबटांग्या माश्यांच्या अकरा हजारांहून अधिक जाती वर्णिल्या, त्यांतल्या कितीतरी इतरांनी धाडलेल्या नमुन्यांवरून. म्हणजे नकाशावरचा ठिपका मुळात जाळी फिरवणाऱ्याचा. जिथे तो गेला नाही, तिथला कागद कोरा. माशीचा खरा नकाशा अळी ठरवते, आणि अळीला देश कळत नाही, ओल कळते.

४. अळी : चिखल. खाचर?

इथे थांबायला हवे. या जातीच्या अळ्या ओल्या चिखलात, भातशेतीतही वाढतात. त्र्यंबकला ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी भाजलेल्या राबातली रोपे तयार झाली की चिखलणी होते, मग आवणी. खाचर काही महिने ओले राहते. बांधाकडेचा मूठभर चिखल पांढऱ्या ताटलीत घेऊन वर पाणी ओतले. गाळ बसल्यावर एक मातकट, बिनपायांची अळी वळवळली. डोके शोधत बसलो. तिने ते मानेत ओढून घेतले होते. नवल शेपटीकडे. मागचे टोक पाण्याच्या पृष्ठाला टेकले आणि पाकळ्या उमलाव्यात तशी मांसल बोटे पसरली, मध्ये दोन काळे ठिपके : श्वासाची छिद्रे. काडीने डिवचताच पाकळ्या मिटल्या. धड चिखलात ठेवून शेपटीने श्वास घ्यायचा, म्हणून तिला खोल पाणी नको आणि कोरडी जमीनही नको; दोन्हींच्या मधली पातळ किनार हवी. प्रश्नचिन्ह अशासाठी की अळीवरून जातीचे नाव सांगणे अवघड. ती पाळून माशी निघेपर्यंत थांबावे लागते. माझी तिसऱ्या दिवशी मेली. ताटली उन्हात राहिली, चूक माझीच.

५. कुशावर्त : शून्य.

त्र्यंबकच्या या तीर्थकुंडाला चारी बाजूंनी दगडी पायऱ्या, चिखलाची कड कुठेच नाही. तीर्थाचे पावित्र्य अळीच्या हिशेबात येत नाही. वर ब्रह्मगिरीच्या कातळाला पाझर आहेत, शेवाळ आहे. खाली खाचरे आहेत. मध्ये गावात गोदावरी बरीचशी स्लॅबखालून जाते. स्लॅब संपतो तिथे अळवाच्या मुळाशी काळाभोर गाळ साचलेला दिसला. ताटली हातात होती. वासामुळे हात घालायचे धाडस झाले नाही.