हट्टी जोंधळा

आमच्या उमरग्यावरून हैदराबादला जाणारा रस्ता पटनचेरूला इक्रिसॅटच्या दारावरून जातो. ही संस्था निघाली १९७२ साली. त्याच साली दुष्काळात आम्ही रेशनची तांबडी मिलो खात होतो. मिलो म्हणजे अमेरिकेचा जोंधळाच. पण भाकरी थापताना आई त्याला जे बोलायची ते इथे लिहिण्यासारखे नाही!

असो. या जोंधळ्यात बाहेरचे जनुक घालताना शास्त्रज्ञांच्या नाकी नऊ आले, तो इतिहास सांगतो. जनुक आत घालणे हे अर्धेच काम. ज्या पेशीत ते गेले तिच्यापासून पुन्हा अख्खे रोप वाढवावे लागते. दाणा चिकात असतानाच त्यातला इवलासा गर्भ काढून काचेच्या बशीत वाढवतात. भाताने १९८८ च्या सुमारास ऐकले, मक्याने १९९० मध्ये. जोंधळ्याचा गर्भ मात्र स्वतःच्याच रसाने काळा पडून मरायचा. पुन्हा पुन्हा ताज्या खाद्यावर हलवायचा, की पुन्हा काळा!

शेवटी १९९३ मध्ये अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात जमले, तेही जनुक-बंदुकीने. धातूच्या कणांवर जनुक चढवून ते पेशीत मारायचे. (या बंदुकीचे पहिले नेम कांद्यावर धरले होते बरे का!) २००० मध्ये मातीतल्या एका जिवाणूकडून तेच काम करून घेतले, तेव्हा शंभर गर्भांमागे जेमतेम दोन साधले. २०१४ मध्ये हा आकडा तेहतीसपर्यंत गेला.

आपल्याकडे हैदराबादच्या तेव्हाच्या राष्ट्रीय ज्वारी संशोधन केंद्राने २००५ मध्ये खोडकिड्याविरुद्धचे बीटी जनुक जोंधळ्यात घातले. किड्याने पाने कमी खाल्ली, पण तो पुरता हटला नाही. ते बियाणे शेतकऱ्यापर्यंत आलेच नाही.

मला त्याची फारशी हळहळ नाही. एक तर आमच्या शाळूचा पोंगा वाळवते ती खोडमाशी, आणि हे जनुक अळीवरचे, माशीवर त्याचा इलाज नाही. शिवाय बांधावर रानटी ज्वारी उगवते, तिच्याशी जोंधळ्याचा संकर होतो. घातलेले जनुक तिच्यात गेले तर उपटणार कोण? पण त्या लोकांची चिकाटी मोठी, हे मान्य. इतकी वर्षे काळ्या पडलेल्या बश्या फेकायच्या आणि सकाळी नव्या मांडायच्या... आमची मालदांडी मात्र मोहोळच्या केंद्रावर नुसत्या निवडीतून निघाली, चांगली कणसे हेरून आणि त्यांचे बी राखून.