मोठे घर आणि मातीची कमान

फिरऔन हा शब्द आपल्या कानाला लहानपणापासून ओळखीचा आहे. हजरत मूसा (अ.स.) यांच्याशी वैर धरणारा, स्वतःला खुदा म्हणवणारा आणि शेवटी पाण्यात बुडालेला जुलमी बादशहा, एवढीच त्याची ओळख. पण या शब्दाचा मूळ अर्थ थोड्यांनाच ठाऊक असतो. प्राचीन मिसरी भाषेत 'पर-आ' म्हणजे मोठे घर, अर्थात राजवाडा. 'दरबाराचा हुकूम आला' असे आपण म्हणतो, तसे तिथले लोक राजालाच राजवाड्याच्या नावाने ओळखू लागले. हा वापर साधारण इ.स.पू. १५व्या शतकापासूनचा. कुरआन शरीफमध्ये हजरत यूसुफ (अ.स.) यांच्या काळातल्या राजाला 'मलिक' म्हटले आहे आणि हजरत मूसांच्या काळातल्या राजाला 'फिरऔन', हे या संदर्भात लक्षात ठेवण्यासारखे आहे.

म्हणजे ज्या नावाचा आपल्याला तिरस्कार वाटतो, ते मुळात एका इमारतीचे नाव आहे. मग ही इमारत आणि तिच्यासारख्या शेकडो इमारती उभ्या कोणी केल्या? वर्गात 'अहराम कोणी बांधले?' असे विचारले की मुले एका सुरात 'फिरऔनने' म्हणतात. परीक्षेत या उत्तराला गुण मिळतील, पण इतिहासाला ते पुरत नाही. बादशहा हुकूम देतो, दगड उचलत नाही.

प्राचीन मिसरमध्ये जिवंत माणसांची घरे मातीची असत. शेतकऱ्याची झोपडी मातीची, तसा बादशहाचा महालही मातीचाच. नाईलचा गाळ, त्यात मिसळलेला भुसा, लाकडी साचा आणि कडक ऊन, एवढ्यावर वीट तयार होई. अरबीत कच्च्या विटेला 'तूब' म्हणतात. तो शब्दही मूळचा मिसरीच. दगड मात्र मृतांच्या आणि देवतांच्या घरांसाठी राखून ठेवलेला. जे टिकायचे ते दगडात, असा हिशेब होता.

सुरुवातीला अमीर-उमरावांच्या कबरींवर विटांचा आयताकार चौथरा बांधत. अरब मजुरांना तो घरापुढच्या ओट्यासारखा दिसला, म्हणून त्याचे नाव 'मस्तबा' पडले. इ.स.पू. २६५०च्या सुमारास सक्कारा येथे जोसेर राजासाठी दगडी चौथरे एकावर एक रचून सहा पायऱ्यांची, सुमारे ६० मीटर उंचीची इमारत उभी राहिली. हाच पहिला अहराम. तो रचण्याचे श्रेय इम्होतेप या वजिराला दिले जाते. पुढे शतकभरात गीझाला खुफूचा अहराम झाला. त्याची मूळ उंची सुमारे १४६ मीटर, प्रत्येक बाजू सुमारे २३० मीटर आणि दगडांची संख्या अंदाजे २३ लाख. आतला ग्रॅनाइट सुमारे ८०० किलोमीटरवरच्या अस्वानहून आला, तर बाहेरचा पांढरा गुळगुळीत चुनखडक नाईलपलीकडच्या तुरा येथील खाणीतून.

हा चुनखडक वाहून नेणाऱ्या एका माणसाचे नाव आज आपल्याला माहीत आहे. २०१३ साली तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फ येथे फ्रेंच संशोधक पियरे ताले यांच्या पथकाला पपायरसचे तुकडे सापडले. लेखन असलेले याहून जुने पपायरस अजून मिळालेले नाही. त्यात मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी आहे. सुमारे ४० माणसांची त्याची टोळी होती. आज तुऱ्याला दगड भरला, उद्या होडी निघाली, परवा गीझाला उतरवला, असा रोजचा हिशेब त्याने ठेवला आहे. खुफूची स्तुती करायला त्याला सवड नव्हती.

गीझालाच मजुरांची वस्ती, त्यांच्या भट्ट्या आणि १९९० साली त्यांचे कब्रस्तानही सापडले. तिथल्या हाडांवर ओझ्याच्या खुणा आहेत. काही मोडलेली हाडे नीट जुळून आलेली आहेत, म्हणजे कोणीतरी उपचार केले होते. दगडांवर टोळ्यांनी आपली नावे रंगवून ठेवली. त्यांपैकी एका टोळीच्या नावाचा अर्थ चक्क 'मेनकौरे राजाचे पियक्कड' असा होतो! साखळदंडातले गुलाम हे जुने चित्र या पुराव्यांशी जुळत नाही. अर्थात ही सारी खुशीची मजुरी होती असेही नाही. सरकारी बोलावणे आले की गावातून माणूस द्यावाच लागे. आपल्या भाषेत सांगायचे तर ती वेठच होती. पण वेठीलाही पोट असते आणि हाताला हुनर असतो.

हा हुनर चित्रांतही दिसतो. मिसरी चित्रातला माणूस चेहऱ्याने बाजूला बघतो, पण त्याचा डोळा आणि खांदे समोरून दिसतात. चित्रकाराला नीट काढता येत नव्हते म्हणून असे झालेले नाही. प्रत्येक अवयव जसा सर्वांत स्पष्ट दिसेल तसा दाखवायचा, हा तिथला नियम होता. भिंतीवर तांबड्या दोऱ्याने चौकटी आखत आणि उभा माणूस तळपायापासून कपाळावरच्या केसांपर्यंत १८ चौकटींत बसवत. होरेमहेब राजाची कबर अपुरी राहिली, म्हणून आज ती आपल्याला शाळेसारखी उपयोगी पडते. कुठे शागिर्दाची तांबडी रेघ, तिच्यावर उस्तादाची काळी दुरुस्ती, पुढे अर्धवट कोरलेला दगड, असे सारे टप्पे तिथे पाहायला मिळतात. चुका तपासलेली वहीच म्हणा ना. मूर्तिकारासाठी तिथला एक शब्द होता, त्याचा अर्थ 'जिवंत ठेवणारा'. मात्र या जिवंत ठेवणाऱ्यांपैकी बहुतेकांची नावे त्यांच्या कामावर नाहीत.

हेच कारागीर एकदा कामावरून उठले. राजांच्या कबरी खोदणारे आणि रंगवणारे लोक थीब्जच्या पश्चिमेला, आज दैर अल-मदीना म्हणतात त्या गावात राहत. पगार म्हणून त्यांना धान्य मिळे. तिसऱ्या रामसेसच्या कारकिर्दीच्या २९व्या वर्षी, साधारण इ.स.पू. ११५७ मध्ये, १८ दिवस उलटले तरी शिधा आला नाही. कारागिरांनी हत्यारे खाली ठेवली आणि ते देवळामागे जाऊन बसले. पुढे त्यांनी दुसऱ्या रामसेसच्या रामेसियम या देवळाकडे मोर्चा वळवला, कारण धान्याची कोठारे तिथे होती. भूक आणि तहान आम्हाला इथे घेऊन आली, ना कपडा आहे ना तेल, हे 'मोठ्या घरा'ला कळवा, असे त्यांचे म्हणणे होते. अखेर थकलेला शिधा द्यावा लागला. लेखी पुरावा असलेला जगातला हा सर्वांत जुना संप मानतात. तो कागद आज इटलीत तुरीनच्या संग्रहालयात आहे.

या वारशाशी मुसलमान कसे वागले? खरे सांगायचे तर दोन्ही तऱ्हांनी. सुलतान सलाहुद्दीनचा मुलगा अल-अजीज उस्मान याने ११९६ मध्ये मेनकौरेचा अहराम पाडायला माणसे लावली. आठ महिने खपून भिंतीला फक्त एक खिंडार पडले. अबुलहोल, म्हणजे स्फिंक्स, याचे नाक नेपोलियनच्या तोफेने उडाले असे सांगतात, पण १७३७ साली नॉर्डनने काढलेल्या चित्रातच ते नाक नाही. इतिहासकार मक्रीझी याने १३७८ साली एका सूफीने त्या चेहऱ्याची मोडतोड केल्याचे नोंदवले आहे. दुसऱ्या बाजूला हकीम अब्दुल लतीफ अल-बगदादी (११६२-१२३१) आहेत. मिसरमध्ये तुम्ही पाहिलेली सर्वांत अजब चीज कोणती, असे त्यांना कोणी विचारले. त्यांनी अबुलहोलच्या चेहऱ्याचे प्रमाण असे उत्तर दिले. एवढ्या अवाढव्य दगडात नाक, डोळे, कान अचूक साधणाऱ्या हाताचे त्यांना नवल वाटले होते. खजिन्याच्या लोभाने हे अवशेष फोडणाऱ्यांवर ते नाराज होते. त्यांच्या ईमानाला या कौतुकाने बाधा आली नाही.

बादशहाच्या जुलमाचा धिक्कार करावा आणि कारागिराच्या हाताची कदर करावी. या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात, हे त्या हकीमसाहेबांनी आठशे वर्षांपूर्वी दाखवून दिले.

विसाव्या शतकात तीच नजर हसन फतही (१९००-१९८९) या मिसरी वास्तुकाराकडे होती. गोरगरिबांना परवडेल असे घर बांधायचे होते आणि छतासाठी लाकूड महाग होते. त्यांनी अस्वानकडचे नूबियन गवंडी शोधले. लाकडी आधाराशिवाय नुसत्या कच्च्या विटांची कमान चढवण्याची विद्या त्यांच्याकडे होती. १९४६ पासून याच विद्येने लक्सरसमोर नवे गुर्ना हे गाव आणि त्याची मशीद उभी राहिली. अशाच कमानींनी छतलेली मातीची कोठारे तिथून जवळ, रामेसियमच्या आवारात, तीन हजारांहून अधिक वर्षे उभी आहेत. त्याच बाजूला मल्काता येथे तिसऱ्या आमेनहोतेपचा महाल होता, तोही मातीचाच. त्याच्या आता फक्त पायाच्या खुणा उरल्या आहेत. मोठे घर मातीला मिळाले. गवंड्याने धान्यासाठी चढवलेली कमान अजून डोक्यावर आहे.