सदनिकेची अंतर्गत दुरुस्ती

सदनिकेची अंतर्गत दुरुस्ती म्हणजे बहुमजली इमारतीतील राहत्या घराची डागडुजी करण्यासाठी किंवा सोय वाढवण्यासाठी केली जाणारी कामे होत. लादी बदलणे, रंगकाम, नळकाम, वीजजोडणीतील बदल, स्वयंपाकघराचा ओटा, न्हाणीघराचे जलरोधन, भिंतीवर फडताळे बसवणे इत्यादी कामांचा यात समावेश होतो. सदनिकेचा ताबा घेतल्यानंतर आणि प्रत्यक्ष राहायला जाण्यापूर्वी अशी कामे करून घेण्याची पद्धत महाराष्ट्रातील शहरांत सर्वत्र आढळते. स्वतंत्र बैठ्या घराच्या तुलनेत सदनिकेतील दुरुस्तीला अधिक मर्यादा असतात. सदनिकेचे खांब, तुळया आणि स्लॅब हे संपूर्ण इमारतीच्या सांगाड्याचे भाग असल्याने एका घरातील चुकीच्या फेरबदलाचा परिणाम इतर सर्व रहिवाशांच्या सुरक्षिततेवर होऊ शकतो.

इमारतीची रचना

इमारतींचे त्यांच्या आधारपद्धतीनुसार दोन मुख्य प्रकार पडतात. भारवाहक भिंतींच्या इमारतीत वरच्या मजल्यांचे वजन भिंतींमार्फत पायापर्यंत पोहोचते. अशा इमारतीतील भिंत काढल्यास वरील भागाचा आधारच जातो. सलोह काँक्रीटच्या सांगाड्याच्या इमारतीत हे वजन स्लॅबकडून तुळयांवर, तुळयांकडून खांबांवर आणि तेथून पायावर जाते. या प्रकारात खोल्यांमधील अर्ध्या विटेच्या भिंती बहुधा केवळ आडोशाचे काम करतात. अलीकडच्या उंच इमारतींत मात्र अनेक भिंती काँक्रीटच्याच असतात व त्या सांगाड्याचा भाग असतात. त्यामुळे भिंत आडोशाची आहे की भारवाहक, हे तिच्या जाडीवरून किंवा ठोकून पाहून निश्चित करता येत नाही. त्यासाठी इमारतीचे मूळ संरचनात्मक नकाशे आणि संरचना अभियंत्याचा सल्ला आवश्यक ठरतो.

खांब व तुळयांमधील सळयांना गंजापासून वाचवण्यासाठी त्यांच्याभोवती काँक्रीटचे आवरण ठेवलेले असते. भारतीय मानक आय. एस. ४५६ नुसार खांबातील उभ्या सळयांवर हे आवरण सामान्यतः किमान ४० मिलिमीटर असावे लागते. विजेची नळी बसवण्यासाठी किंवा कपाटाला जागा करण्यासाठी खांब छिन्नीने तासल्यास हे आवरण कमी होते. आत शिरलेल्या ओलाव्याने सळया गंजतात. गंजाचे आकारमान मूळ लोखंडापेक्षा अधिक असल्याने काँक्रीटला तडे जाऊन त्याचे पोपडे निघतात. विटांच्या भिंतीत झिरी पाडतानाही मर्यादा पाळाव्या लागतात. उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या एकतृतीयांशापेक्षा आणि आडवी झिरी एकषष्ठांशापेक्षा खोल नसावी.

२५ जुलै २०१७ रोजी मुंबईतील घाटकोपर येथे 'सिद्धी साई' ही निवासी इमारत कोसळून १७ जणांचा मृत्यू झाला. तळमजल्यावरील नूतनीकरणात इमारतीच्या खांबांना धक्का पोहोचवल्याचा आरोप करण्यात आला व त्यासंदर्भात पोलिसांनी गुन्हा नोंदवला. या घटनेनंतर सदनिका व गाळ्यांमधील अंतर्गत फेरबदलांचा प्रश्न शहरात ठळकपणे चर्चेत आला.

वाढीव वजन

भारतीय मानकांनुसार निवासी खोल्यांच्या स्लॅबचे आरेखन करताना माणसे व सामान यांचे वजन दर चौरस मीटरला सुमारे २०० किलोग्रॅम धरले जाते. लादीच्या थराचे वजन त्याखेरीज स्वतंत्रपणे मोजलेले असते. जुनी लादी न काढता तिच्यावर ४० मिलिमीटर मसाला व २० मिलिमीटर जाडीचा संगमरवर बसवल्यास दर चौरस मीटरला सुमारे १३० किलोग्रॅम वजन वाढते. याउलट १० मिलिमीटर जाडीची टाइल चिकटद्रव्याने बसवल्यास ही वाढ सुमारे ३० किलोग्रॅम एवढीच राहते. अर्ध्या विटेच्या, दोन्ही बाजूंनी प्लॅस्टर केलेल्या नेहमीच्या उंचीच्या भिंतीचे वजन दर धावत्या मीटरला सुमारे ७०० किलोग्रॅम भरते. म्हणून नवा आडोसा उभारण्यासाठी हलके ठोकळे किंवा जिप्समचे तक्ते वापरले जातात. बाल्कनीचा स्लॅब अनेकदा एकाच बाजूने आधारलेला असतो. तेथे मातीच्या मोठ्या कुंड्या, पाण्याची टाकी किंवा वाढीव बांधकाम यांचा भार विशेष धोकादायक असतो.

हत्यारे व साधने

घरातील किरकोळ कामांसाठी हत्यारांचा मर्यादित संच पुरेसा असतो.

मोजमापाची साधने: मोजपट्टी, काटकोन तपासण्यासाठी गुण्या, उभी रेषा तपासण्यासाठी ओळंबा आणि आडवी पातळी तपासण्यासाठी पाणसळ. दूरच्या दोन बिंदूंची पातळी जुळवण्यासाठी गवंडी पाणी भरलेली पारदर्शक नळी वापरतात. स्थिर पाण्याची पातळी नळीच्या दोन्ही टोकांना सारखीच राहते, या तत्त्वावर ती चालते.

हाताची हत्यारे: हातोडी, पेचकस, पक्कड, पाने, करवत, पटाशी, छिन्नी आणि थापी.

विद्युत हत्यारे: ड्रिल यंत्रात विटा व काँक्रीटसाठी फिरण्याबरोबर ठोके देण्याची सोय असावी लागते. लाकूड, धातू आणि टाइल यांसाठी ठोके बंद ठेवून निरनिराळी पाती वापरली जातात. टाइल कापण्याचे यंत्र, घासाई यंत्र आणि मोठे तोडकामाचे यंत्र यांची गरज क्वचितच पडत असल्याने ती बहुधा भाड्याने घेतली जातात किंवा कारागीर स्वतःबरोबर आणतात.

भिंतीत स्क्रू पक्का बसावा म्हणून छिद्रात आधी प्लॅस्टिकची गिट्टी ठोकतात. स्क्रू आत जाताना गिट्टी फुगून छिद्राच्या कडांना घट्ट धरते. नायलॉनच्या आधुनिक गिट्टीचा शोध जर्मन संशोधक आर्टूर फिशर यांनी १९५८ साली लावला. प्लॅस्टरचा थर साधारण १२ ते १५ मिलिमीटर असतो व तो वजन पेलू शकत नाही. त्यामुळे गिट्टी प्लॅस्टर ओलांडून विटेत किंवा काँक्रीटमध्ये पोहोचणे आवश्यक असते. हवाबंद छिद्रे असलेल्या हलक्या काँक्रीटच्या ठोकळ्यांत ठोक्यांनी छिद्र मोठे होते, म्हणून तेथे ठोके बंद ठेवून छिद्र पाडतात व खास लांब गिट्ट्या वापरतात. स्विचबोर्डच्या सरळ रेषेत वर, खाली किंवा बाजूला विजेच्या तारा असण्याची शक्यता असल्याने ती जागा टाळली जाते. झोपाळ्याची कडी गिट्टीवर बसवत नाहीत. झोका घेताना कडीवर पडणारा ताण बसलेल्या व्यक्तीच्या वजनापेक्षा अधिक असतो. त्यामुळे कडीची जागा व बोल्टचा प्रकार अभियंत्याकडून ठरवून घेणे योग्य ठरते.

गळती व जलरोधन

न्हाणीघरातून खालच्या घरात होणारी गळती हे सदनिकाधारकांमधील वादाचे एक प्रमुख कारण आहे. न्हाणीघराची लादी किंवा नळ बदलताना मूळ जलरोधक थराला इजा होते आणि ओल काही महिन्यांनी खालच्या छतावर दिसू लागते. त्यामुळे लादी फोडल्यास जलरोधनाचे काम नव्याने करावे लागते. हा थर भिंतींवरही काही उंचीपर्यंत चढवतात, कोपरे गोलाकार भरतात आणि नळ्या जेथून स्लॅबमधून जातात त्या जागा विशेष काळजीने बुजवतात. लादी बसवण्यापूर्वी पाणी तुंबवून किमान २४ तास, शक्यतो ४८ तास चाचणी घेतली जाते. या काळात खालच्या घराचे छत तपासावे लागते. बाहेरील भिंतींच्या भेगा व खिडक्यांच्या कडा यांची दुरुस्ती पावसाळ्यापूर्वी, भिंती कोरड्या असताना करतात.

वीजजोडणी

घरगुती पुरवठा २३० व्होल्टचा असतो. २ किलोवॉटचा गीझर सुमारे ९ अँपिअर प्रवाह घेतो, म्हणून त्याला ६ अँपिअरचा सॉकेट चालत नाही. १६ अँपिअरचा सॉकेट व त्याला साजेशी जाड तार लागते. एम. सी. बी. अतिभारापासून व शॉर्टसर्किटपासून तारांचे रक्षण करते. माणसाला बसणाऱ्या विजेच्या धक्क्यापासून संरक्षणासाठी ३० मिलिअँपिअर गळतीवर प्रवाह तोडणारी आर. सी. सी. बी. स्वतंत्रपणे लागते. ही दोन उपकरणे एकमेकांना पर्याय नाहीत. विद्युत सुरक्षेच्या नियमांनुसार संचमांडणीत भर घालणे किंवा बदल करणे हे काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यावे लागते. संचमांडणीची क्षमता व स्वरूप न बदलता दिवे, पंखे, फ्यूज व स्विच बदलण्यास यातून सूट आहे.

कामांचा क्रम

दुरुस्तीची कामे सामान्यतः तोडकाम, नळकाम, वीजनळ्या, जलरोधन, प्लॅस्टर, लादी, सुतारकाम आणि शेवटी रंगकाम या क्रमाने केली जातात. नव्या प्लॅस्टरवर किमान सात दिवस पाणी मारावे लागते. ते पूर्ण वाळण्यापूर्वी रंग दिल्यास रंगाला फुगे येतात व पापुद्रे सुटतात.

कायदेशीर तरतुदी

मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ नुसार प्लॅस्टर, रंगकाम, लादी बदलणे, मोरी व शौचालयाची दुरुस्ती, नळ व सांडपाण्याच्या नळ्या बदलणे ही किरकोळ दुरुस्ती मानली जाते व तिला पालिकेच्या परवानगीची आवश्यकता नसते. मात्र खोल्यांच्या मूळ मापांत बदल, सांगाड्याचे घटक काढणे किंवा बदलणे, पोटमाळा घालणे ही कामे या सवलतीत येत नाहीत.

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सदनिकेत बांधकाम किंवा फेरबदल करण्यापूर्वी संस्थेच्या समितीची लेखी परवानगी घ्यावी लागते. न्हाणीघर, शौचालय व स्वयंपाकघरातील मोरीमुळे होणाऱ्या अंतर्गत गळतीची दुरुस्ती सभासदाने स्वखर्चाने करायची असते. पावसाच्या पाण्याची व बाहेरील सामाईक नळांची गळती ही संस्थेची जबाबदारी असते. इमारतीचे वय १५ ते ३० वर्षे असल्यास दर पाच वर्षांनी आणि त्याहून अधिक असल्यास दर तीन वर्षांनी संरचनात्मक तपासणी करण्याची तरतूद या उपविधींत आहे.

नव्या इमारतींबाबत स्थावर संपदा (नियमन व विकास) अधिनियम, २०१६, म्हणजेच 'रेरा', लागू होतो. ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत संरचनात्मक किंवा कामाच्या दर्जातील दोष प्रवर्तकाच्या निदर्शनास आणल्यास त्याने तो ३० दिवसांत विनामूल्य दूर करावयाचा असतो. तसे न केल्यास ग्राहकाला नुकसानभरपाई मिळण्याचा हक्क आहे. ताबा घेताच मोठे फेरबदल केल्यास दोष मुळातला की फेरबदलामुळे उद्भवलेला, असा वाद निर्माण होऊ शकतो. त्यामुळे काम सुरू करण्यापूर्वी घराच्या स्थितीची छायाचित्रे व लेखी नोंद ठेवणे उपयुक्त ठरते.

आरोग्य व राडारोडा

भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगांतील शिशाच्या प्रमाणावर दशलक्ष भागांत ९० भागांची मर्यादा लागू झाली. त्यापूर्वीच्या रंगांत शिसे अधिक असू शकते. असे रंग कोरडे घासल्यास उडणारी धूळ विशेषतः लहान मुलांना अपायकारक असते. त्यामुळे पृष्ठभाग ओला करून घासणे आणि मुले व गरोदर स्त्रियांना कामाच्या जागेपासून दूर ठेवणे आवश्यक असते. काँक्रीट व टाइल कापताना निघणारी सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसांना इजा करते. तिच्याशी रोज संबंध येत असल्याने कारागिरांना हा धोका सर्वाधिक असतो. पाण्याचा वापर, योग्य मुखपट्टी व संरक्षक चष्मा ही यावरील प्राथमिक साधने आहेत.

तोडकामातून निघणारा राडारोडा रस्त्यावर, नाल्यात किंवा खाडीकिनारी टाकण्यास मनाई आहे. तो ओल्या-सुक्या घरगुती कचऱ्यापासून वेगळा ठेवून स्थानिक संस्थेने नेमलेल्या केंद्रात द्यावा लागतो. घराच्या एकाच खोलीत किंवा बाल्कनीत तो साठवून ठेवल्यास स्लॅबवर मोठा भार पडतो. म्हणून तोडकाम चालू असतानाच तो पोत्यांत भरून वेळच्या वेळी खाली उतरवला जातो.