श्रीरामपूर ते वानखेडे

जहीर खान आमच्या नगर जिल्ह्यातला, श्रीरामपूरचा. देशात इंजिनिअर पुष्कळ आहेत, तू फास्ट बोलर हो, असं वडिलांनी सांगितलं (आम्हा इंजिनिअर मंडळींनी मनावर घेऊ नये!) आणि सतराव्या वर्षी पोरगं मुंबईत नॅशनल क्रिकेट क्लबात, सुधीर नाईक सरांच्या हाताखाली आलं. सर कसोट्या तीनच खेळले, पण दिग्गज वेस्ट इंडिजला गेलेले असताना १९७०-७१ ची रणजी मुंबईने त्यांच्याच कप्तानीत जिंकली.

२ एप्रिल २०११, वर्ल्ड कप फायनल. वानखेडेचे क्युरेटर नाईक सर; म्हणजे गुरूने केलेल्या खेळपट्टीवर शिष्याची बोलिंग! पहिला स्पेल: ५ षटकं, ३ निर्धाव, ६ धावा, १ बळी. गुरूला याहून चांगला नमस्कार मी तरी पाहिला नाही. शेवटी १० षटकांत ६० गेल्या, हेही खरंच. सर ५ एप्रिल २०२३ ला गेले.