वाकोल्याचा बाटलीतला मसाला

सांताक्रूझच्या पूर्वेस, विमानतळ आणि कलिना यांच्या मधोमध इमारतींनी दाटून गेलेले वाकोला पाहणाऱ्यास, हा सारा मुलूख एके काळी साष्टी बेटातील भातशेतीचा होता हे सांगूनही पटावयाचे नाही. परंतु येथील जमिनींच्या दस्तऐवजांत आजही मौजे कोळे-कल्याण असाच उल्लेख आढळतो, आणि गावठाणाच्या अरुंद गल्ल्यांतून वैशाखात हिंडणाऱ्यास अजूनही क्वचित मिरची भाजल्याचा ठसका लागतो. साष्टी १७३७ मध्ये पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे आणि १७७४ मध्ये इंग्रजांकडे गेली. राजवटी पालटल्या, तरी पोर्तुगीज अमदानीत ख्रिस्ती झालेल्या येथील कुळांनी मराठीची आपली बोली, आपली वेशभूषा आणि आपले स्वयंपाकघर सोडले नाही. १८८७ मध्ये या समाजाने मुंबईत स्वतःची संस्था स्थापन करून ईस्ट इंडियन हे नाव अधिकृतपणे धारण केले. त्या स्वयंपाकघराचा प्राण म्हणजे बॉटल मसाला.

हा जिन्नस बाजारात विकण्यासाठी निर्माण झालेलाच नव्हता. उन्हाळा लागला की घरोघर वर्षाची बेगमी होई. काश्मिरी व इतर जातींच्या मिरच्या, हळकुंडे, धणे, तीळ, खसखस, मोहरी, गहू, चण्याची डाळ आणि त्यांच्या जोडीला दगडफूल, नागकेशर, तिरफळ, कबाबचिनी, जायपत्री असे कुठे पंचवीस, तर कुठे त्याहून पुष्कळ अधिक पदार्थ निवडून कडक उन्हात वाळवीत. मग प्रत्येक पदार्थ निराळा, त्याच्या त्याच्या मगदुराप्रमाणे चुलीवर भाजीत. आणि शेवटी कांडणाऱ्या बायका उखळाभोवती उभ्या राहून लांब मुसळांनी, एकीचा घाव दुसरीच्या घावास न अडेल अशा तालात, हा मसाला कुटीत. वस्त्रगाळ केलेली ती तांबडी पूड नरसाळ्यातून बिअरच्या गडद तपकिरी बाटल्यांत उतरे, आणि आत हवेस जागा उरू नये म्हणून काठीने थरावर थर दाबून, बूच मारून बाटली अंधाऱ्या कोपऱ्यात जाई. काळोखी काच प्रकाश अडवी, घट्ट दाबलेली पूड हवा अडवी, म्हणून रंग आणि वास वर्षभर टिके. एवढी शास्त्रशुद्ध साठवण कोणत्याही प्रयोगशाळेने शिकविली नव्हती, आणि तिच्याविषयी मला नितांत आदर वाटतो.

प्रमाण मात्र कोणी कोणास सांगत नसे. ते आईकडून लेकीकडे, सासूकडून सुनेकडे जाई. म्हणूनच शेजारच्या दोन घरांची खुडी किंवा लोणवस यांसारखी कालवणे एका चवीची निघत नसत.

पुढे शेते विमानतळाने, महामार्गाने आणि गृहनिर्माणाने गिळली, अंगणे गेली, नोकरदार स्त्रियांस आठ-पंधरा दिवसांची सवड राहिली नाही, आणि पुष्कळ तरुण आखाती देशांत, कॅनडात, ऑस्ट्रेलियात स्थायिक झाले. ज्या गोष्टीने ही प्रथा खिळखिळी केली, तिनेच तिला गिऱ्हाईक दिले: चव जिभेवर असलेला, पण ती घरी सिद्ध करू न शकणारा माणूस. धंद्याची जागा बाजार पाहून शोधावी असे सांगणारे पुष्कळ भेटतात. येथे ती जागा एका समाजाच्या पांगापांगीने आपोआप मोकळी झाली.

दूरस्थ गिऱ्हाइकास माल पोचविण्याची युक्ती आपल्याकडे जुनीच आहे. टपाल खात्याने १८७७ मध्ये व्ही. पी. ची, म्हणजे माल हाती देताना दाम वसूल करण्याची, आणि १८८० मध्ये मनीऑर्डरची सोय केली, तेव्हापासून औषधे, पुस्तके, बियाणे यांचे किरकोळ व्यापारी दुकानावाचून दूरदूरचे गिऱ्हाईक राखू लागले. १९९५ मध्ये इंटरनेट सर्वसामान्यांस खुले झाले आणि २०१६ मध्ये यूपीआय आले, तेव्हा तीच वाट गावठाणातील गृहिणीच्या हातातील फोनपर्यंत पोचली. आज मुंबई-वसई पट्ट्यातील ईस्ट इंडियन कुटुंबे व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्रामवर मागणी घेऊन कुरियरने मसाला धाडतात. अन्नसुरक्षा कायदा २००६ चा. त्याखालील २०११ च्या नियमावलीने वार्षिक उलाढाल १२ लाखांच्या आत असलेल्या लहान उत्पादकास साध्या नोंदणीवर काम करण्याची मुभा दिली, आणि वर्षास १०० रुपये शुल्काची ही तजवीज घरगुती धंद्यास मोठाच आधार ठरली. काच वाटेत फुटते म्हणून पुष्कळ ठिकाणी बाटलीची जागा जाड पिशवीने घेतली आहे. नाव मात्र बाटलीचेच राहिले.

या धंद्यात भांडवल थोडे, माल हलका व टिकाऊ, आणि भाव प्रामाणिकपणे चढा, कारण त्यात कित्येक दिवसांचे ऊन आणि श्रम असतात. मोठ्या कारखान्यास यात शिरणे कठीण, कारण गिऱ्हाईक केवळ तिखट मागत नाही. आपल्या आजीच्या हाताशी जुळणारे तिखट मागते. याच कारणाने हा व्यापार फार वाढविणेही मला अनिष्ट वाटते. मुसळाऐवजी गिरणी आली हे समजण्यासारखे आहे, जरी वेगवान दळणाच्या उष्णतेने सुगंधाचा काही अंश उडतो. पण सर्वांस एकच प्रमाण लावले, तर विकण्यासारखे काही उरणार नाही. त्याहून निकडीची गोष्ट जमिनीची आहे. गावठाणांच्या हद्दी मोजून नकाशावर कायम कराव्यात ही तेथील रहिवाशांची जुनी मागणी मला याही दृष्टीने रास्त वाटते, कारण मिरची वाळण्यासाठी लागणारे उघडे अंगण कोणत्याही कुरियरने पाठविता येत नाही.